दादाच्या हातची वाईन

आमच्या घरात दारूची बाटली येईल आणि आई तिला जिवापाड जपेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती गौरेशदादाच्या हातची होती. दादा फ्रान्समध्ये ओडिल नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या मळ्यात द्राक्षं खुडायचा. मळा कसला, एका टेकडीचा उतार. आपल्या सुर्ल्याच्या खाणीवरचा एक टिपर ट्रक वळवायलाही तिथं जागा पुरायची नाही, असं तो म्हणायचा. पण तिथल्या लाल वाईनचं नाव जाणकार लोक आदरानं घेतात म्हणे. बाई प्रत्येक कामगाराला त्यानं खुडलेल्या हंगामाची एक बाटली द्यायची. दादा ती गेल्या चवथीला, गणपतीच्या सुट्टीत, स्वतः घेऊन आला.

ही वाईन आडवी ठेवून काही वर्षं मुरू द्यायची असते, असं त्यानं सांगितलं. आईला ते पटेना. आडवी बाटली बेवड्याच्या घरात असते, म्हणून ती तिला उभी करायची, आणि दादा पुन्हा आडवी. शेवटी ती तांदळाच्या पिंपात आडवी पुरली गेली. माझ्या लग्नात उघडायची, असं ठरलं. आमचे बाबा म्हणजे चहात साखर नव्हे, साखरेत चहा घेणारा माणूस. दादा माझ्या कानाशी येऊन हसत म्हणाला, "गोड नाय गे ती, सिद्धी. तोंड आवळता. पयल्या घोटाक बाबाचा तोंड कसा वाकडा जाता, ता माका बघूचा आसा."

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास रुद्रेशचा फोन आला. तो पेडण्याचा, दादाबरोबरच मळ्यात कामाला. उतारावर ट्रॅक्टर उलटला होता आणि दादा त्याच्याखाली सापडला होता. हॉस्पिटलात होता, पण शुद्ध नव्हती. आम्ही तिकडे जायचं तर व्हिसा हवा, आणि व्हिसा काय तिठ्यावरच्या गाड्यावर मिळतो?

आईनं राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, सांगणं करायचं, गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावाच्या शिमेवर, वेशीपाशी जांभळीखाली त्याची जागा आहे. रोट, विडी आणि थोडा सोरो दिला की तो गावच्या माणसाला सांभाळतो, असं सगळे मानतात. सोरो म्हणजे आपली साधी गावठी दारू, ती कुठंही मिळते. पण बाबांनी पिंपात हात घातला आणि दादाची बाटली बाहेर काढली. मी आडवी आले. ती ठेवा, त्यानं ठेवायला सांगितलंय, असं ओरडले. बाबा शांतपणे म्हणाले, "राखणदाराची शीम आमच्या गावापुरती. थंय वचपाक ताका वाट कशी गावतली? ह्या बाटलीत थंयचा पाणी आसा. ह्या वासान तो बरोबर वतलो."

मला रागच आला. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी बाजूला झाले. आणि खरं सांगायचं तर, मलाही वाटलं, त्या वासाच्या वाटेनं राखणदार दादापर्यंत जाईल कदाचित.

बूच काढायचं हत्यार आमच्याकडं कुठून असणार? खाणी बंद पडल्यापासून मागीलदारी उभ्या असलेल्या आमच्या टिपरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन बाबांनी बूच आत ढकललं. जांभळीखाली सगळी वाईन ओतली. आमची माती मुळातच तांबडी, त्यामुळं रंग दिसलाच नाही, नुसती ओल दिसली. वास मात्र आला, ओल्या लाकडासारखा, पिकल्या जांभळासारखा. शिमेवर दिलेलं परत घरी आणत नाहीत, म्हणून रिकामी बाटलीही तिथंच राहिली.

दादा शुद्धीवर आलाच नाही. देह आणणं जमलं नाही, म्हणून रुद्रेशनं तिकडंच अग्नी दिला आणि आम्ही तो फोनवर बघितला. मग मी शिमेवर धावत गेले. निदान बाटली तरी असेल, असं वाटलं होतं. ती कुणीतरी उचलून नेली होती.

दिवसकार्य झाल्यावर ओडिलबाईंनी व्हिडिओ कॉल केला. रुद्रेश शेजारी बसून त्यांचं बोलणं सांगत होता. दादाच्या हंगामाची बाटली त्यांनी उघडली होती. तुमच्याकडं त्याच्या हातची आहे ना, तीही आज उघडा, आपण बरोबरच पिऊया, असं त्या म्हणत होत्या. गौरेश नेहमी सांगायचा की पहिल्या घोटाला बाबा कसं तोंड करतील ते त्याला बघायचंय. ते मला त्याच्यासाठी बघू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोच आई उठली. आत गेली आणि काचेच्या पेल्यात कोकमाचं आगळ घेऊन आली. पाणी न घातलेलं, आंबट आणि खारट, लालभडक. तिनं पेला बाबांच्या हातात दिला.

तिकडं बाईंनी ग्लास उचलला. बाबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. बाई रडता रडता हसल्या, अगदी तो सांगायचा तस्संच, म्हणाल्या. दादाला जे बघायचं होतं ते एका परक्या बाईनं बघितलं, आणि तेही खोटं.

फोन बंद झाला. पेला रिकामा झाला होता. बाबांचं तोंड तसंच वाकडं होतं, आणि आई पदरानं ते पुसत होती.