दुधाचा पेला आणि सकाळची गोळी

मी एक जुना स्टीलचा पेला आहे, मित्रांनो. बुडाला पोचा, कडेला ओरखडे. कारखान्यात असताना मी इतका चकाकायचो, की एका कामगाराने म्हणे माझ्यात बघून दाढी केली होती. खरं-खोटं त्याची दाढी जाणे.

पुढे मी आत्याच्या घरी आलो. ती कपडे शिवायची, आणि तिच्याकडे मी फक्त दुधाचा पेला. साय एवढी जाड यायची, की गादी समजून मांजर तिच्यावर झोपायचं. आत्याची भाची लहानपणापासून तिथेच वाढली. सगळे तिला चिवचिव म्हणायचे. दूध पितानाही ती बोलायची, त्यामुळे माझ्या पोटात बुडबुडे आणि तिच्या नाकाला साय. काय दिवस होते ते!

सोळाव्या वर्षी तिच्या गालांवर मोठाले, दुखरे फोड आले. केस चेहऱ्यावर ओढून ती गप्प बसायला लागली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि रोज सकाळी घ्यायला एक अँटिबायोटिकची गोळी. सोबतची सूचनांची चिठ्ठी आत्याने न वाचताच मशीनच्या खणात टाकली.

"गोळी उष्ण पडते. दुधाबरोबर घे," आत्या म्हणाली.

"घोटभर पुरे ना."

"पेला संपव. दुधाने कुणाचं वाईट झालंय?"

मी तर फुगलोच. आता मी औषधाचा पेला!

दोन महिने झाले, फोड जागचे हलेनात. एके दिवशी चिवचिव म्हणाली, "आत्या, याने पण नाही गेले ना, तर मी शाळेत जाणार नाही. घरी बसूनच परीक्षा देईन." त्या दिवशी आत्याच्या बोटात तीनदा सुई घुसली.

मग दोघी दवाखान्यात गेल्या. आत्या परक्या भांड्याने पाणी पीत नाही, म्हणून पिशवीत मीही.

"रोज घेतेस ना गोळी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकही चुकवली नाही."

"मग आता जास्त कडक औषधाचा विचार करायला हवा."

 पाणी प्यायला आत्याने मला बाहेर काढलं. माझ्या कडेला सकाळच्या सायीचं वर्तुळ तसंच होतं.

"आत्याबाई, हा पेला कसला?"

"दुधाचा. यातूनच तर गोळी घेते ती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी दुधाशी जखडली जाते, मग अंगात नीट जात नाही. पाण्याबरोबर घ्यायची, पेलाभर. घेतल्यावर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं झालं की घसा जळतो. लोहाची, आम्लपित्ताची गोळी दोन तास लांब. उन्हात चेहरा झाकायचा. आणि स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही, चालूही ठेवायची नाही."

"चूक माझी हो," आत्या म्हणाली. "तिला काही बोलू नका."

"बोलत नाही. कडक औषध इतक्यात नको, आधी हीच गोळी पाण्याबरोबर घेऊन बघू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्यात पाणी. खरं सांगू, मला जरा अपमानच वाटला. दूध रात्रीवर गेलं. पण सहा-सात आठवड्यांत फोड बसायला लागले, केस मागे गेले, आणि एके सकाळी गोळी गिळून चिवचिव शाळेतलं काहीबाही सांगत सुटली. ताठ बसायचा अर्धा तास कधी संपला, कळलंही नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या, मलम तेवढं ठेवलं.

पाकिटात चार गोळ्या उरल्या. मैत्रीण म्हणाली, "मला दे, मलाही आलेत."

"चल, तुला डॉक्टरीणबाईंकडे नेते," चिवचिव म्हणाली, "पण गोळी देणार नाही."

आता ती लांब नोकरीला असते. माझ्यात आत्याचे खडू आणि कात्री असते. दुधाचा वास मात्र मला अजून येतो.

मित्रांनो, एवढं करा. प्रत्येक गोळीचा स्वभाव निराळा. कशाबरोबर घ्यायची, किती दिवस घ्यायची, हे चिठ्ठीत वाचा, डॉक्टरांना विचारा. माझ्यावर विसंबू नका. मी पेला. जे ओताल ते धरतो.