नेहमीची खोली

भिंगरावांनी टेबलावरचं पत्र खिडकीशी नेलं, उजेडात तिरपं धरलं आणि कागदाच्या पाठीवरून अनामिका फिरवली. या बोटाला कामं कमी असतात, त्यामुळे त्याची कातडी मऊ राहते आणि लिहिणाऱ्याने किती जोर दिलाय ते त्यालाच नेमकं कळतं, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता. कोर्टासाठी खोट्या सह्या ओळखणं हा त्यांचा पेशा. 'भिंगराव' हे नाव कचेरीने पाठीमागे ठेवलं होतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणाच्या ओघात तेच वापरलं आणि इतक्या वर्षांनी ते समोरून आलं.

पत्रात तीनच ओळी होत्या. 'आपले पत्र पोहोचले. दोघांसाठी खोली राखून ठेवली आहे. तलावाकडची, नेहमीची.'

"नेहमीची," भिंगराव स्वतःशीच म्हणाले.

दोन दिवस कुठेतरी जाऊन यावं ही कल्पना खरं तर त्यांची. त्यांनी तीन नामांकित ठिकाणं काढली होती. बाईंनी तिन्ही माहितीपत्रकं शेवटपर्यंत वाचली, त्यांच्या घड्या केल्या आणि खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत सारल्या. खिडकी गप्प झाली. मग त्यांनी या तलावाचं नाव काढलं. तिथे फोनसुद्धा लागत नाही, पत्र लिहावं लागतं, म्हणाल्या, आणि लिहिलंही.

बाई म्हणजे त्यांची पत्नी. तीस वर्षं पहिलीच्या मुलांकडून मुळाक्षरं गिरवून घेतल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणे.

"अगं, हे ठिकाण तुला सापडलं कुठे?" भिंगरावांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"वाचलं होतं कुठेतरी." बाई कपबशा पुसत होत्या.

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"कुठेतरी म्हणजे कुठेतरी. शांत आहे, गर्दी नाही. फारसं कुणाला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक आहे."

"मग? मी काय फार कुणी लागून गेले का?"

त्यांनी बशी फळीवर ठेवली. ठेवताना तिचा आवाज झाला नाही, हेही भिंगरावांनी मनात टिपून ठेवलं.

निवृत्तीला सव्वा वर्ष झालं होतं. कचेरी सुटली तरी संशय सुटला नव्हता आणि आता त्याला घरातल्याच वस्तूंवर भागवावं लागे. इस्त्रीवाल्याची चिठ्ठी, शेजाऱ्यांनी दारावर लावलेली सूचना, डॉक्टरांचं अक्षर. डॉक्टर काहीतरी लपवतात असं त्यांचं ठाम मत होतं. बोलत नसे ते एकच अक्षर, बाईंचं. वाण्याची यादी असो की दुधवाल्याला निरोप, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी, वेलांट्या एका मापाच्या. निव्वळ पुस्ती, कित्ता गिरवल्यासारखी. आणि पुस्तीतून माणूस कळत नाही.

तलावावरच्या व्यवस्थापकाचं अक्षर मात्र स्पष्ट बोलत होतं. साठीचा, शांत, उजव्या हाताचा, पोटात काही न ठेवणारा. इतका सरळ माणूस भिंगरावांनी आजवर फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिला होता.

संध्याकाळी बाई भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी धाकट्या मेव्हणीला फोन लावला. दरवर्षी याच महिन्यात बाई चार दिवस तिच्याकडे जात. कधी तिच्याकडे रंगकाम निघे, कधी तिला एकटं वाटे. गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला होता.

"काय भावजी, आज आमची आठवण?"

"गुडघा कसा आहे तुमचा?"

"कुठला गुडघा?"

"तोच. गेल्या वर्षीचा."

"हां, तो होय! बरा आहे की."

"डावा होता ना?"

"भावजी, दोन्ही बरे आहेत," मेव्हणी म्हणाली. "ताईला सांगा मला फोन करायला. लगेच."

भिंगरावांनी फोन ठेवला. मग सामान भरताना त्यांनी दाढीच्या डब्यात, ब्रशच्या खाली, आपलं जुनं भिंग ठेवलं.

*

प्रवासात पुरावे आपण होऊन येत गेले. मधल्या थांब्यावर सहा गाड्या उभ्या होत्या. बाई कुणालाही न विचारता शेवटच्या गाडीत चढल्या आणि डाव्या बाजूला बसल्या. उजवीकडे तासभर ऊन आलं, डावीकडे नाही. दोघांच्या मध्ये बाईंनी आपली कापडी पिशवी ठेवली होती. वळणावर गाडी कलली की भिंगराव पिशवीला टेकत आणि पिशवीच्या पलीकडे बाई खिडकीबाहेर बघत.

"दमलीस?"

"नाही."

"अजून किती आहे?"

"पूल आला की आलंच," बाई म्हणाल्या. पूल दहा मिनिटांनी आला. माहितीपत्रक तर या ठिकाणाचं निघालेलंच नव्हतं.

विश्रामगृह म्हणजे कौलारू बैठी इमारत. चार खोल्या, लांब ओटा आणि समोर तलाव. तलावात बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी होतं. फाटक वाजलं तशी एक पिवळी कुत्री ओट्यावरून धावत आली, बाईंच्या पायाशी लोळली आणि पोट वर करून पडली. भिंगरावांकडे तिने पाहिलंही नाही. साक्षीदार पक्का होता, पण उलटतपासणीची सोय नव्हती.

व्यवस्थापक टोपी सारखी करत बाहेर आला. साठीचा, शांत, उजव्या हाताचा.

"आलात बाई? या." मग त्याची नजर मागे गेली. "आणि हे?"

"हे आमचे हे," बाई म्हणाल्या.

"अच्छा!" त्याने टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे आहेत! नाही, बाई दरवर्षी एकट्याच येतात, बोलत काही नाहीत, तेव्हा आम्ही आपलं समजून चाललो होतो की..." पुढचं वाक्य त्याने टोपीत ठेवून दिलं.

आपण इथे बरीच वर्षं मेलेले आहोत, हे भिंगरावांच्या सावकाश लक्षात आलं.

बाईंनी नोंदवहीत सही केली आणि त्या कुत्रीबरोबर तलावाकडे निघून गेल्या. व्यवस्थापक किल्ली आणायला आत गेला. टेबलावर वही उघडी, खोलीत भिंगराव एकटे. आजवर असा दस्तऐवज त्यांच्या हाती विनासायास कधी लागला नव्हता. त्यांनी पानं मागे उलटली.

दरवर्षी हाच महिना. अकरा वर्षं. त्यांनी आधी शेजारचा रकाना पाहिला, कारण सोबत कोण, याच प्रश्नाने इतके दिवस त्यांची झोप उडवली होती. 'सोबत' या शब्दाखाली अकराही वेळा बाईंच्या अक्षरात एकच उत्तर होतं. कोणी नाही. खोली एक, पाहुणा एक.

हायसं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांची सवय वाईट, ते सह्यांकडे गेले. प्रत्येक नोंदीला दोन सह्या होत्या, येतानाची आणि निघतानाची. येतानाची सही म्हणजे पुस्ती. शिरोरेघ ताठ, वेलांटी मापात. भिंगरावांनी पान उचलून मागून अनामिका फिरवली आणि बोट थांबलं. अक्षरं पाठीवर उमटून वर आली होती. दिसायला सरळ होती, पण दाबून लिहिलेली होती. निघतानाची सही चार दिवसांनंतरची. तिच्यात शिरोरेघ अर्ध्यात सोडलेली, वेलांटी शेजारच्या रकान्यात गेलेली, उकाराचं शेपूट खाली लोंबतंय. पाठीमागे बोटाला काहीच लागत नव्हतं.

हे दोन नमुने कोर्टात समोर आले असते तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की या दोन वेगळ्या बायका आहेत. आणि यातल्या दुसरीला ते ओळखत नव्हते.

त्यांनी सगळी पानं तपासली. येतानाचा जोर वर्षागणिक वाढत गेला होता. गेल्या वर्षीच्या सहीने कागद एके ठिकाणी फाटला होता. गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते.

भिंग दाढीच्या डब्यातच राहिलं. त्याची गरजच पडली नाही.

*

बाई तलावाकाठच्या बाकावर बसल्या होत्या. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. साक्षीसाठी बोलावलेली माणसं अशी बसतात. भिंगराव शेजारी बसले.

"पत्र मी मुद्दामच टेबलावर ठेवलं होतं," बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "चोरून यायचा कंटाळा आला आता. विचारा काय विचारायचं ते."

भिंगरावांकडे सतरा प्रश्न तयार होते, क्रमवार. त्यांनी घसा साफ केला.

"चहा किती वाजता मिळतो इथे?"

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"चारला," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस भिंगरावांना फार जड गेले. प्रश्न उचकीसारखे येत. पहाटे उठून कुठे गेली होतीस, कुत्रीचं नाव कुणी ठेवलं, हसलीस कशाला? प्रत्येक वेळी ते दात आवळून तलावाकडे बघत. तलावाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"हो. का?"

"काही नाही. सकाळपासून एक प्रश्न नाही तुमचा. काही लपवत नाही ना?"

"नाही."

"बघा हं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. असं कुणी आपल्याकडे पाहिलं की काय वाटतं, ते भिंगरावांना पहिल्यांदाच कळलं.

निघायच्या सकाळी बाईंनी सही केली, पेन वहीत ठेवलं आणि कुत्रीचा निरोप घ्यायला ओट्यावर गेल्या. व्यवस्थापक सामान घेऊन फाटकाशी पोहोचला. वही पुन्हा उघडी आणि भिंगराव पुन्हा एकटे. त्यांनाही सही करायची होती, बाईंच्या सहीच्या बरोबर खाली.

उजवी अनामिका आपण होऊन पानाच्या कडेशी गेली. कडा थोडी उचललीही गेली.

मग त्यांनी डावा तळवा बाईंच्या ओळीवर पालथा ठेवला, ओळ पूर्ण झाकली, खाली आपली सही केली आणि डोळे मिटून वही बंद केली. डोळे उघडले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

गाडीत बाई येतानासारख्याच डाव्या बाजूला बसल्या. पिशवी मध्ये ठेवली. पूल मागे गेला.

"अगं," भिंगराव समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझ्या बहिणीचा गुडघा दुखला, तर जाऊन ये हो तू. चार दिवस. मी राहीन घरी."

बाईंनी खिडकीबाहेरची नजर आत आणली.

"कुठला गुडघा?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा?"

"ते मी आता विचारणार नाही," भिंगराव म्हणाले.

पुढे वळण होतं. बाईंनी मधली पिशवी उचलली आणि पायाशी ठेवली.