दगडाबाईंचा आवाज

मी दगडाबाईंचा आवाज बोलतोय. मानपाड्याकडच्या आगरी लग्नांत तुम्ही मला ऐकलं असेल. भोंगा नसला तरी मी मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचो.

आमच्या बाई धवलारीण. धवलारणीने धवला गाऊन देवांना नावाने बोलावल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. चाळीस वर्षं ते बोलावणं मी केलं. माझ्यासाठी डीजेवालासुद्धा गप्प बसायचा.

गेल्या दिवाळीनंतर बाईंच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. देठ बोटभराचा, पण गळ्याचे, जिभेचे, गिळण्याचे हुकूम तिथूनच सुटतात. ठाण्याच्या इस्पितळात मी जागा झालो, तर घशातल्या आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक हलतच नव्हता. अर्धा वारा फुकट जायचा. जीभ जड, शब्द नाकातून. साध्या पाण्यानेही ठसका लागायचा.

शब्द मात्र बाईंजवळ सगळे होते. हेच घरच्यांना कळेना. मुलगा काळुराम कानाशी ओरडून विचारायचा आणि उत्तर यायच्या आत निघून जायचा. नात दक्षताच्या लग्नासाठी त्याने कल्याणच्या धवलारीण विमलाबाईंना परस्पर ठरवलं. "आईला आता काय कळतंय," म्हणाला. बाई तिथेच बसल्या होत्या.

बोलण्याचे व्यायाम शिकवणारी ऋजुता त्याला म्हणाली, "काका, आजींना सगळं कळतं. आवाज अडकलाय, डोकं नाही." त्याने नुसती मान हलवली. बाई मात्र रोज 'आ' लांबवत राहिल्या. आधी तीन सेकंद, मग सात.

लग्नात विमलाबाईंनी सुरुवात केली आणि सवयीने आधी स्वतःच्याच गावची देवी बोलावली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी हात वर केला. मी छातीतला होता नव्हता तेवढा वारा गोळा केला.

"आमची... देवी... आदी."

घोगरा होतो, पण पोचलो. विमलाबाई चपापल्या, मग हसत बाईंजवळ येऊन टेकल्या. "चुकलं गो बाय. तू सांग, मी गाते."

बाईंनी एकेक नाव सांगितलं, विमलाबाईंनी त्याला गळा दिला. चौदा देव, एकही राहिला नाही. काळुराम आईसमोर खाली बसून ऐकत होता.

मी पूर्वीसारखा होईन का, ऋजुतालाही सांगता येत नाही. पण परवा सोनारपाड्याहून लग्नात धवला गायचं आमंत्रण आलं, दोघींना मिळून.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर ओरडू नका. समोर बसा. शब्द निघालेत, वाटेत आहेत.