उभी नडगी

"ताई, नडगी कलली," युनसॉल म्हणाली.

नामहीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर टेबलावर 'काकांचा पाय' होता, सरावासाठी शिवलेला. गुडघ्यात वाकवलेला तो पाय घोट्याशी धरून नडगी छताकडे सरळ उभी ठेवायची होती. खालच्या रस्सा-भाताच्या दुकानाच्या मालकिणीला सगळ्या मावशी म्हणत, आणि तिच्या दिवंगत नवऱ्याच्या लष्करी विजारीत वाळू भरून या बायकांनी हा पाय शिवला होता. मावशी डुकराचे पाय घेऊन वर यायची, टाके घालायच्या सरावाला, आणि दर वेळी सुनावायची, "हयात होते तोवर या पायानं घरातलं एक काम केलं नाही. आता बघा कसा राबतोय."

"कलली नाही," नामही म्हणाली, आणि तेवढ्यात खांद्यातून अशी कळ गेली की तिनं कोपर हळूच स्वतःच्या कमरेवर टेकवलं. नडगी आणखी तिच्याकडे झुकली. खोलीतल्या बायकांच्या हातातल्या सुया थांबल्या.

या सगळ्या मासान शहरातल्या आणि आसपासच्या इस्पितळांतल्या नर्सेस होत्या, हाडांच्या डॉक्टरांच्या समोर उभ्या राहून ऑपरेशनला हात देणाऱ्या. वॉर्डातल्या नर्सेस त्यांना आपल्यातलं मानत नसत, डॉक्टर तर नव्हेच नव्हे. शिकवणारं कोणी नाही, आज हे चुकलं असं सांगायला जागा नाही. नामहीनं एकेकीला गाठून मावशीच्या माडीवर हा मेळा जमवला होता. तिचं लग्न झालं नाही, आईवडील गेले. माणसं म्हणून तिला होती ती हीच.

मेळ्याचा पहिला नियमही तिचाच. हात थकला की "घ्या" म्हणायचं. शेजारणीनं खालून हात घालायचे, मगच पहिलीनं सोडायचं. का थकलीस, हे कोणी विचारायचं नाही. ऑपरेशन थिएटरात हे म्हणायची कोणाची छाती होत नसे, म्हणून निदान इथं तरी सवय व्हावी. आज मात्र तिनं स्वतः तो शब्द काढला नाही. पाय खाली ठेवला आणि चहाचं विचारलं.

युनसॉल तिची सगळ्यांत लाडकी शिष्या. सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली आणि पसरलेले दोरे गुंडाळू लागली.

"किती दिवसांपासून आहे, ताई?"

नामहीनं खोटं बोलायचा विचार केला, पण जमलं नाही. खांद्याचा स्नायू फाटला होता. इथं कोणी ओळखेल म्हणून ती दुसऱ्या शहरात, जिंजूला जाऊन इंजेक्शनं घेत होती. ऑपरेशन करायचं तर पुढचे कित्येक महिने हात उचलायचा नाही, आणि पुढच्या आठवड्यात तर परीक्षा, खऱ्याच ऑपरेशनला हात देऊन द्यायची. नव्या नियमानं परीक्षेत पास होईल तीच थिएटरात राहणार होती. बाकीच्यांनी वॉर्डात जायचं किंवा घरी. आणि नामहीला आता वॉर्डात कोण घेणार? इतकी वर्षं तिनं माणसांचे पाय धरले होते, वॉर्डातलं सगळं काम विसरून गेली होती.

यातली मेख अशी की परीक्षा डॉक्टरांनी नव्हे, आपल्याच बायकांनी घ्यावी म्हणून इस्पितळांचे उंबरे झिजवले होते ते नामहीनंच. ते मान्य झालं त्या दिवशी मावशीनं सगळ्यांना फुकट जेवू घातलं होतं. आणि तिच्या इस्पितळात परीक्षक म्हणून नेमली गेली होती युनसॉल.

"मला गुडघ्याचं ऑपरेशन दे," नामही म्हणाली. "खुब्याचं नको. गुडघ्याला निभावून नेईन मी."

"चिठ्ठ्या निघाल्यात, ताई. तुम्हाला खुबाच आलाय."

नामही जिन्याच्या पायरीवर बसली. मग जे तिनं जन्मात कोणाजवळ केलं नव्हतं ते केलं. युनसॉलचा हात धरला. "मग नडगी कललीच तर त्या वेळी तू दुसरीकडे बघ. एवढंच कर. तुला मी काही मागितलंय का कधी?"

युनसॉलचे डोळे भरून आले. "ताई, असं करायला नका ना लावू मला."

"लावतेय. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

युनसॉलनं आपला हात सोडवून घेतला. मग मान हलवून हो म्हणाली आणि चपला हातात घेऊन तशीच खाली गेली. त्या होकारानं नामहीला बरं वाटायला हवं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

परीक्षेच्या सकाळी टेबलावर आली ती मासळीबाजारात कालवं सोलणारी एक म्हातारी. ओल्या फरशीवर पडून खुबा मोडला होता. कमरेत भुलीची सुई द्यायच्या आधी तिनं नामहीची बाही धरली.

"पोरी, माझ्या बुटक्या स्टुलावर बसता येईल ना गं मला? दुसरीकडे बसायची सवय नाही."

"येईल, आजी," नामही म्हणाली.

म्हातारीला कुशीवर वळवलं, कापडं पसरली आणि मग नुसता पाय तेवढा दिसायचा राहिला. युनसॉल हात धुऊन, गाऊन-हातमोजे चढवून नामहीच्या पाठीशी उभी होती. परीक्षकानंही तयारीनिशीच उभं राहायचं, कोणाचा हात थकलाच तर घ्यायला कोणी असावं, ही अट नामहीनंच घालून घेतली होती. त्या वेळी ती दुसऱ्यांसाठी होती.

डॉक्टर बांग यांनी मोडका भाग काढला, हाड कोरलं. नामहीनं पाय उचलून नडगी उभी केली. नवा सांधा किती वळवून बसवायचा हे डॉक्टर त्या नडगीवरून ठरवतात. पण त्यांची मान जखमेत, म्हणून ते फक्त विचारतात आणि हात देणारी सांगते. त्या एका शब्दावर हातोडी पडते. नडगी कललेली असली तर सांधा वाकडा बसतो आणि म्हातारी कधीतरी स्टुलावर बसता बसता सांधा निखळून जागीच कोसळते. त्या वेळी नडगीचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

खांद्यानं दगा दिला. बोटं बधिर झाली. नामहीचं कोपर आपोआप कमरेला टेकलं, गेले काही महिने टेकत होतं तसं. नडगी तिच्याकडे झुकली, थोडीशीच. डॉक्टरांच्या ध्यानात येण्याइतकी नव्हे. तिनं मान वळवून पाहिलं. युनसॉल, कबूल केल्याप्रमाणे, भिंतीवरच्या एक्स-रे फोटोंच्या पडद्याकडे टक लावून उभी होती. तिच्या मास्कची वरची कड ओली झाली होती.

"उभी?" डॉक्टरांनी विचारलं आणि हातोडीसाठी हात पुढे केला.

एकच शब्द बोलायचा होता. तो बोलला की थिएटर तिचं, कपाटातले निळे कपडे तिचे, माडीवरची खुर्ची तिची. नामहीनं तोंड उघडलं, आणि बाही धरणारी ती सुरकुतलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली.

"नाही," ती म्हणाली. "कललीय. घ्या."

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. युनसॉलचे हात मात्र तोवर पायाखाली गेले होते. वजन तिच्या हातात उतरल्याचं कळल्यावरच नामहीनं सोडलं. का, हे कोणी विचारलं नाही. युनसॉलनं नडगी सरळ केली, नीट निरखली, आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "उभी."

हातोडीचे ठोके पडू लागले.

नामही दोन पावलं मागे सरली. तिला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही, आणि तीही गेली नाही. उजवा हात आपणहून वर राहीना, तेव्हा तिनं तो डाव्या हातानं खालून उचलून धरला. धुतलेले हात कमरेखाली जाऊ द्यायचे नाहीत, कशाला लागू द्यायचे नाहीत, हे तिनं या सगळ्यांना शिकवलं होतं. त्या हातांचं आता तिथं काही काम नव्हतं. तरी शेवटचा टाका पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरून.