मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

अर्धं खाल्लेलं कणीस, दाण्यांच्या ओळी सरळ कातरलेल्या.

वाटीतल्या पाण्यात कवळी.

तव्यावर काळी होत आलेली तंबाखू. धुरानं शिंकणारं मांजर.

यात्रेच्या पंगतीत, साऱ्या भावकीपुढं, बोकडाचं हाड कडकन फुटल्याचा आवाज.

हाड फोडलं मायानं, धाकट्या जावेनं. सांगलीला विश्रामबागेत जाऊन तिनं इम्प्लांट करून घेतलं होतं. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दोन दाढा. शेजारी थोरली जाऊ धोंडुबाई भाकरी रश्शात कुस्करत होती. त्या आवाजानं तिच्या पोटात जे पेटलं, ते सुगी सरली तरी विझलं नाही. आपल्यालाही दाढा हव्यात. हिच्यापेक्षा एक जास्त.

दवाखाना मायालाच ठाऊक, म्हणून तिलाच बरोबर न्यावं लागलं. हे आणखी झोंबलं.

नूरीन डॉक्टरांनी जबड्याचा फोटो पडद्यावर लावला. "तंबाखू खाता, मावशी?"

"न्हाई."

खोटं नव्हतंच ते. तंबाखू पुरुष खातात. बायका मिश्रीनं दात घासतात.

"आक्का मिश्री लावत्यात की," माया म्हणाली. "दिसातनं चारदा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरड्यांना रक्त कमी पोचतं. स्क्रू हाडात रुजायला तीन-चार महिने लागतात. रक्त कमी पडलं तर रुजत नाही, हलतो, पू होतो. त्यात तुमची साखर वाढलेली. शिवाय मागचं हाड झिजलंय आणि खालीच नस आहे. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. मिश्री बंद करा, साखर ताब्यात आणा. सहा महिन्यांनी बघू. तेव्हाही जमेलच असं सांगत नाही."

"मग हिला कसं जमलं?"

"प्रत्येकाचं हाड वेगळं असतं, मावशी."

म्हणजे हाडसुद्धा हिचंच चांगलं.

दहिवडीच्या एसटीत मायानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली. "घ्या की, आक्का."

"तूच चाव. तुला आधी देवानं दिलं, मग डॉक्टरनं दिलं."

"आवं, तुमच्या भल्यासाठी बोलले मी."

"व्हय तर. माझ्या तोंडात दाढा आल्या तर तुझं कवतिक कोण करंल?"

माया खिडकीबाहेर बघत दाणे चावू लागली. एकेक दाणा धोंडुबाईच्या कानात फुटत होता.

घरी आल्याआल्या धोंडुबाईनं फळीवरची मिश्रीची डबी उकिरड्यावर पालथी केली. डॉक्टरांचं पटलं म्हणून नव्हे. पुढच्या यात्रेत मायाच्या समोर बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, हात आपसूक फळी चाचपू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडं माया हसली. हात मागं आला.

मायाचा पहिला स्क्रू तिसऱ्या महिन्यात निघून आला होता. मिश्री तिनं त्यानंतर सोडली, आणि यातलं काहीच घरात कुणाला सांगितलं नव्हतं.