बटणचा उजवा कान

गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत. सुरुवात नवऱ्याच्या मित्रांनी केली आणि मग गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. दुकानाची पुढची बाजू तिची थोरली नणंद सांभाळायची. वहिनी तिला वन्सं म्हणे, म्हणून त्या साऱ्या गल्लीच्याच वन्सं होऊन बसल्या होत्या. दुकान छोटंसंच. पुढे कपड्यांची मांडणी, आत भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन आणि त्याच्याही मागे उंच भिंतीचं अंगण.

शर्टांवर, जाकिटांवर कुत्र्यांची चित्रं भरून विकायची कल्पना वहिनीची. सुरुवातीला तिने तयार डिझाइनं विकत घेतली. ती सगळी कुत्री एकाच आईच्या पोटची वाटावीत अशी गुळगुळीत आणि हसरी होती. वन्सं म्हणाल्या होत्या, "यातलं एक तरी कधी उपाशी राहिलंय का गं?"

मग मागच्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणाच्या दाराशी एक कुत्री कुडकुडत बसलेली सापडली. पांढरी, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका आणि त्याच बाजूचा कान टोकाला फाटलेला. वहिनीने आसपास चौकशी केली, काचेवर सूचना चिकटवली, जनावरांच्या डॉक्टरांकडे निरोप ठेवला. कोणीच आलं नाही. वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे लोढणं आपल्या गळ्यात नको. त्यांनीच तिचं नाव बटण ठेवलं आणि आठवडाभरात ती त्यांच्याच पायथ्याशी झोपू लागली.

नवरा गेल्यावर वन्सं भावाकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्यांच्या खोलीतून कधी आवाज म्हणून येत नसे. आता रोज सकाळी ऐकू येई, "सरक की जरा. गादी काय तुझ्या बापाची आहे?" वहिनी चहा गाळता गाळता हसायची आणि मनातल्या मनात त्या कुत्रीचे आभार मानायची.

बटणचा एक फोटो घेऊन वहिनीने स्वतःचं पहिलं डिझाइन केलं. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने टाके टाकले. फाटका कान बघून वन्संनी नाक मुरडलं. लोक म्हणतील मशीन चुकलं, तेवढा कान सरळ कर, असा त्यांचा आग्रह. वहिनीने ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे लोकांना तो कानच आवडला. हसऱ्या कुत्र्यांचे शर्ट कपाटात पडून राहिले आणि बटणची जाकिटं हातोहात जाऊ लागली.

त्या दिवशी दुपारी एक जाकीट रिंगमध्ये ताणून मशीनवर चढवून वहिनी पुढे आली, तर काचेबाहेर एक माणूस उभा होता. रस्त्याच्या कडेला त्याची मालवाहू गाडी तशीच चालू ठेवलेली, दार उघडं. तो पुतळ्यावरच्या जाकिटाकडे बघत होता. चेहऱ्यावरचं रक्त कोणीतरी काढून घेतल्यासारखा पांढराफटक पडला होता. तो आत आला.

"हे चित्र," तो म्हणाला, "कुणाचं बघून काढलंत?"

वन्संनी विचारलं, का हो, काय झालं. मग त्याने सांगितलं ते असं. मागच्या हिवाळ्यात याच रस्त्यावर तो चाक बदलायला थांबला होता. कुत्री गाडीतून उतरली आणि दिसेनाशी झाली. माल पोचवायचा होता, पण तो अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरला. पुढे दुसऱ्या मार्गावर काम लागलं, ते आत्ता कुठे इकडची फेरी मिळाली. कुत्री त्याच्या मुलीची. कुत्रीचं नाव गोटी.

वहिनीने मागच्या दाराकडे पाहिलं. अंगणात बटण उन्हात पसरली होती. काळ्या कपड्यांना केस चिकटतात म्हणून दुकान उघडं असताना तिला तिकडेच ठेवत.

ड्रायव्हर पुतळ्याजवळ गेला. फाटक्या कानावरून त्याने अंगठा फिरवला आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"नाही," तो म्हणाला. "आमच्या गोटीचा उजवा कान फाटलाय. ठिपकाही उजवीकडे. गाडीचं दार मीच लावलं होतं हो, त्यात तिचा कान सापडला, माझ्याच हातून झालं ते. मी कसा विसरेन? हा तर डावा आहे."

वहिनीने जाकिटाकडे पाहिलं. चित्रात कान डावा का झाला हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. जाकिटाच्या डाव्या छातीवर जनावराचं तोंड भरायचं तर ते चेनकडे, आतल्या बाजूला बघणारं हवं. बाहेर बघत असलं की अंगावरून निघून चालल्यासारखं दिसतं. फोटोत बटण नेमकी उलट्या बाजूला बघत होती, म्हणून वहिनीने कॉम्प्युटरवर अख्खं चित्रच आरशातल्यासारखं फिरवून घेतलं होतं. ठिपका फिरला, कान फिरला. खऱ्या बटणचा कान उजवाच होता.

तिने वन्संकडे पाहिलं. कापडात कुठे आतल्या बाजूला एखादा धागा ओढला गेला असला, तरी गिऱ्हाइकाला आधी तो दाखवून मगच कपडा बांधणाऱ्या या बाई. त्या आता सांगतील, अशीच तिची खात्री होती.

"आमच्या कुत्रीचा डावाच आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "पिल्लू असल्यापासून आमच्याकडेच आहे ती."

वहिनीला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वन्संचा एक हात टेबलाची कड घट्ट धरून होता आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती.

ड्रायव्हरने मान हलवली. मुलीच्या मापाचं एक जाकीट मागितलं. ती अजून गाडीतल्या गोटीच्या जागेवर कुणाला बसू देत नाही, म्हणाला. तिला सांगेन, गोटी नाही मिळाली, पण तिच्यासारखी एक आहे आणि ती मजेत आहे.

वहिनीने जाकीट काढलं. घडी घालायला घेतली, ती नीट बसेना. पुन्हा उलगडलं. थोरल्या नणंदेला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं, हे या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी तिने कधी केलं नव्हतं. आपणही गप्प बसावं, असंही एकदा मनात आलं. जाकीट तसंच टेबलावर ठेवून ती म्हणाली, "दादा, जरा आत या."

"अगं," वन्सं म्हणाल्या.

मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर तिने जुना फोटो उघडला. ड्रायव्हर वाकून बघू लागला. पडद्यावर बटण दुसऱ्या दिशेला बघत होती आणि तिचा उजवा कान टोकाला फाटलेला होता. जाकिटावर बरं दिसावं म्हणून मी चित्र उलटं केलं, असं वहिनीने सांगितलं. तो माणूस दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यावर मटकन बसला. मशीन आपल्या नादात खडखडत तोच कान भरत होतं.

"आहे कुठे ती?" त्याने विचारलं.

उत्तर वन्संनी दिलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या. "दार मी उघडते," म्हणाल्या.

बटण अंगणातून आळस देत आली. पहिल्यांदा वन्संच्या साडीला नाक लावलं. मग ड्रायव्हरचा बूट हुंगला आणि तिथेच थांबली. तो "गोटी" म्हणाला, तेही पुटपुटल्यासारखं. कुत्रीचं अंग नाकापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं आणि तिच्या गळ्यातून एक लांब, रडका सूर निघाला. वर्षभरात तिने असा आवाज एकदाही काढला नव्हता.

वन्संनी तिची चादर घडी करून दिली. पंख्याखाली झोपवू नका, सकाळी गादीवरून हलत नाही, ओरडावं लागतं, एवढं सांगितलं. मुलीला घेऊन याल ना, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हरने ते ओळखलं असावं. पुढच्याच फेरीला तिला घेऊन येतो, म्हणाला. गाडी गेली.

दोघी आत आल्या. मशीन थांबलं होतं. वहिनीने रिंग काढली आणि भरतकामाला आधार म्हणून मागे लावलेला कागद कात्रीने कापायला बसली. वन्सं समोर येऊन बसल्या, सुटलेले धागे तोडू लागल्या. मग म्हणाल्या, "मी खोटं बोलले तेव्हा तुला काय वाटलं?"

"भीती वाटली, वन्सं."

वन्संनी एक धागा बोटाला गुंडाळला, सोडला. "मलासुद्धा," त्या म्हणाल्या. "माझाच आवाज होता तो. मी इकडेतिकडे बघत होते, कोण बोललं म्हणून."