ओल्या फडक्याची करामत

दवाखान्याच्या फाटकासमोर काकांच्या टॅक्सीभोवती एकवीस माणसं होती. शिवाय एक उघडं बोनेट, एक बादली पाणी, एक फडकं आणि मंत्र घालणारे एक शीतळबाबा. रोजच्या व्यायामासाठी दवाखान्यात आलेली माझी आई गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय लांब करून दूर कठड्यावर बसली होती. गाडीजवळ यायला तिला बंदी होती.

"गाडी रुसलीय. वहिनींची सावली बाधते हिला," शीतळबाबा डोळे मिटून म्हणाले. "कुणी बोलू नका!"

ओलं फडकं इंजिनावर पसरलं गेलं. बऱ्याच वेळानं बाबांनी खूण केली, काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! टाळ्या पडल्या.

"बघितलंस?" काका मला म्हणाले. "सकाळी कशी गुमान निघते! तुझ्या आईला न्यायला आलो, की अडून बसलीच. वहिनी, उद्यापासून तुम्ही बसनं या. रागावू नका, पण पोट या गाडीवर आहे."

"या पायानं बसची पायरी कशी चढू, भाऊजी?" आई एवढंच म्हणाली. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. खरं तर माझ्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला मुद्दाम घरी ठेवून मी काकांना त्याच फाटकाशी आणलं. गाडी बंद करून, थोडं थांबून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं.

"सावली घरी आहे, काका."

"सीटला राहिली असेल थोडी," काका पुटपुटले.

मी नळावर फडकं भिजवलं आणि इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या अंगठ्याएवढ्या सेन्सरवरच फक्त ठेवलं. तो गार झाल्यावर काकांना किल्ली फिरवायची खूण केली. बाबा धावत आले. "अहो, मंत्र राहिला!"

गाडी सुरू झाली होती.

इंजिन फिरतंय हे हा सेन्सर कळवतो; त्याशिवाय गाडी सुरू होत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो, धग वर चढते आणि जुना सेन्सर मुका होतो. गार झाला की पुन्हा बोलतो. सकाळी इंजिन थंडच असतं. बाबा फक्त ते गार होईपर्यंत सगळ्यांना गप्प बसवत होते.

"म्हणजे आम्ही उगाच वहिनींना..." म्हणत काकांनी बोनेट लावलं.

एखाद्या माणसामुळेच काम बिघडतं असं वाटलं, तर त्याला दोष देण्याआधी एकदा तेच काम त्याच्याशिवाय करून बघावं. एवढी तसदी तरी घ्यावी.

संध्याकाळी सेन्सर बदलला. मग आईला पुढच्या सीटवर बसवून, दरवेळी इंजिन नीट तापवून, किल्ली दहा वेळा फिरवली. गाडी दहा वेळा सुरू झाली.